वशिल्याचं तट्टू आणि पोपचा पुतण्या

‘ताई, मी २९ वर्षांची. बी.कॉम.नंतर तीन वर्षं एका सीएंच्या ऑफिसात काम केलं. दोन वर्षांपूर्वी मामांनी त्यांच्या फौंड्रीत बोलावून घेतलं. गेल्या महिन्यात परचेसचे साहेब रिटायर झाले आणि मामांनी ती जागा मला दिली. माझ्या हाताखाली आता एक काका आहेत, त्यांची परचेसमध्येच १४ वर्षं झाली. त्या दिवसापासून तीन शब्द ऐकतेय. स्टाफच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, “घराणेशाही झिंदाबाद”. कँटीनमध्ये एकजण मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, “वशिल्याचं तट्टू”. आणि एक ट्रेनी मुलगा “नेपो किड” म्हणतो, म्हणे गमतीनं. कारखाना मामांचा, पैसा मामांचा, मग चुकलं कुठं? यातला कुठला शब्द मला लागू होतो?

‘दुसरं म्हणजे, स्टोअरला क्लार्कची जागा निघालीय आणि मावशीच्या मुलानं अर्ज केलाय. मामा म्हणतात, परचेस-स्टोअर तुझं खातं, तू बघ. आई रोज फोनवर म्हणते, आपलंच पोर आहे, घे की. काय करू?’

– एक भाची, कोल्हापूर

प्रिय भाचीबाई,

मला ताई म्हणालीस, पण माझं वय पाहता मावशी जास्त शोभलं असतं. तेव्हा एकेरीवर येते, राग मानू नकोस. मी उभी हयात एका दैनिकात मुद्रितं तपासली. लोकांना पहिल्या पानावरची बातमी दिसायची, मला तिच्यातला चुकलेला शब्द. तुझ्या पत्रातही मला आधी ते तीन शब्दच दिसले, आणि तिन्ही तुला नीट बसत नाहीत. पण लगेच हुश्श करू नकोस. शब्द चुकला म्हणून बोलणाऱ्याचं दुखणं खोटं ठरत नाही.

त्या ट्रेनी पोरापासून सुरुवात करू. ‘नेपोटिझम’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘नेपोस’ आहे. त्याचा अर्थ नातू, आणि पुढे पुतण्या-भाचाही. इटालियनमध्ये आजही ‘निपोते’ या एकाच शब्दात नातू, नात, पुतण्या, भाची असा सगळा गोतावळा बसतो. आपल्याला ही काटकसर जमणारी नाही, आपल्याकडे मामेभाऊ वेगळा आणि आतेभाऊ वेगळा. पण गंमत अशी की याच ‘नेपोस’चा भाऊबंद संस्कृतात ‘नपात्’ आणि ‘नप्तृ’ या रूपांत बसलाय. ऋग्वेदात ‘अपां नपात्’ नावाची देवता आहे, पाण्याचा वंशज. तो ‘नप्तृ’ प्राकृतातून झिजत झिजत मराठीत आला आणि ‘नातू’ झाला. म्हणजे आजी मांडीवर घेऊन ज्याला वरणभात भरवते तो शब्द आणि कँटीनमध्ये तुला टोचलेला शब्द एकाच कुळातले. त्या पोराला हे सांगून बघ. ‘नेपो किड’ म्हणजे ‘नातूपोर’. शिवी म्हणून फारच लडिवाळ आहे.

शब्दाला विखार आला तो रोममध्ये. पोपला लग्न करता येत नसे, त्यामुळे उघड वारस नसे. मग विश्वासाचा माणूस हवा म्हणून पुतण्या-भाच्यांना कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी, करायची चाल पडली. (यातले काही ‘पुतणे’ पोपचे स्वतःचेच मुलगे असत, हे सगळ्या रोमला ठाऊक असे.) १४७१ मध्ये गादीवर आलेल्या चौथ्या सिक्स्टसनं पुतणे-भाचे मिळून सहाजणांना कार्डिनलची लाल टोपी दिली. तिसऱ्या पॉलनं १५३४ साली निवडून आल्या आल्या आपल्या दोन सख्ख्या नातवांना कार्डिनल केलं, एक १४ वर्षांचा आणि दुसरा १६. आपल्याकडे या वयात दहावी-अकरावीच्या क्लासचे फॉर्म भरतात. शेवटी १६९२ मध्ये बाराव्या इनोसंटनं फर्मान काढून या प्रकाराला लगाम घातला. तोवर ‘नेपोतिस्मो’ हा शब्द इटलीतून युरोपभर पोचला होता.

आता नीट बघ. हा शब्द ज्यांनी रागानं वापरला, त्यांचं बोट कुणाकडं होतं? पोपकडं. नेपोटिझम ही देणाऱ्याची करणी आहे, घेणाऱ्याचा गुण नव्हे. सिक्स्टसच्या त्या सहांपैकी एक पुतण्या पुढे स्वतः दुसरा ज्युलियस म्हणून पोप झाला. काकानं बांधून घेतलेल्या आणि काकाचंच नाव असलेल्या सिस्टिन चॅपेलचं छत मायकेलँजेलोकडून रंगवून घेतलं ते या पुतण्यानं. पुतण्या कर्तबगार निघाला म्हणून काकाचं वागणं बरोबर ठरत नाही आणि काका चुकला म्हणून पुतण्या नालायक ठरत नाही. हे दोन हिशेब वेगळ्या वह्यांत ठेवायचे. तुझ्या फौंड्रीत ते एकाच वहीत लिहिले जातायत, गोंधळ तिथं आहे.

आपल्याकडे हा शब्द घरोघरी गेला तो हिंदी सिनेमामुळं. २०१७ साली कंगना रनौतनं करण जोहरच्याच कार्यक्रमात बसून त्याला नेपोटिझमचा झेंडेकरी म्हटलं. आरोप खरा की खोटा ते राहू दे, पण मुद्रितशोधक म्हणून मी दाद दिली, कारण शब्द देणाऱ्याला लावला होता. नंतर सगळा रोख पोरांवर घसरला. इंग्रजीत ‘नेपो बेबी’ आलं, आणि २०२५ च्या सप्टेंबरात नेपाळमधल्या तरुणांनी पुढाऱ्यांच्या मुलांचे महागड्या सहलींचे आणि बॅगांचे फोटो ‘नेपो किड’ म्हणून फिरवले, रस्त्यावर उतरले आणि पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला. इतकं पेटलेलं सामान ट्रेनी मुलगा ‘गमतीनं’ वापरतोय.

आता घराणेशाही. या शब्दाचा पूर्वार्ध फार मानाचा आहे. तू कोल्हापूरची, म्हणून तुला वेगळं सांगायला नको. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादियाखाँसाहेब गात होते, आणि जयपूर-अत्रौली घराणं म्हणताना आपण आजही कानाला हात लावतो. ते घराणं खाँसाहेबांचे पुत्र भूर्जीखाँ यांनी चालवलं, तसंच गोव्यातून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनीही. त्यांचं खाँसाहेबांशी रक्ताचं नातं कुठलं? आणि पुढे मोगूबाईंची मुलगी किशोरी आमोणकर. म्हणजे रक्ताचे आणि बिनरक्ताचे एकाच बैठकीत, पण दोघांनाही पहाटे उठून खर्ज लावणं चुकलेलं नाही. त्याच ‘घराण्या’ला फारसीतली ‘शाही’ चिकटली की तोंड कडू होतं. लोकशाहीला तीच ‘शाही’ चिकटली तर गोड लागते, हेही आहेच.

घराणेशाही म्हणायला एक गोष्ट लागते: खुर्ची बसणाऱ्याच्या मालकीची नसावी. पक्षाचं अध्यक्षपद, बँकेचं किंवा साखर कारखान्याचं संचालकपद, गावची सत्ता, या जागा सभासदांच्या, मतदारांच्या. तिथं बापामागून लेक आपसूक आली की ती घराणेशाही. जुन्या वतनदारीचं दुखणं हेच होतं. कुलकर्ण्याचा मुलगा कुलकर्णी, त्याला हिशेब येवो न येवो. तुझ्याच गावच्या महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले, त्यामागं इतर कारणांबरोबर हेही होतं की दप्तर एका घराच्या मुठीत राहू नये. मामांच्या फौंड्रीत खुर्ची मामांची. स्वतःचं घर भाचीला राहायला दिलं तर कुणी घराणेशाही म्हणत नाही. तेव्हा ग्रुपवरच्या त्या झिंदाबादला व्याकरणाचे पाच गुण कमी.

कायद्याचीही एक मौज सांगते. मामांची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर तिला २०१३ चा कंपनी कायदा लागतो. संचालकाच्या नातेवाइकाला पगारी जागेवर बसवताना काही अटी पाळाव्या लागतात. पगार महिना अडीच लाखांच्या वर असेल तर साधारणपणे विषय भागधारकांपुढे न्यावा लागतो. पण नातेवाईक कोण? नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य. यादी संपली. पुतण्या नाही, भाचा नाही, भाची नाही. ज्या पुतण्या-भाच्यांवरून शब्द जन्माला आला तेच यादीबाहेर! मामांच्या लेखी तू पोटच्या पोरीसारखी, कायद्याच्या लेखी नातेवाईकसुद्धा नाहीस.

म्हणून ‘चुकलं कुठं’ या तुझ्या प्रश्नाला कायद्यानं उत्तर द्यायचं तर कुठंच नाही. पण १४ वर्षं परचेस सांभाळलेल्या त्या काकांना कायद्याचं पुस्तक दाखवून काय उपयोग? त्यांच्या मनात एकच गोष्ट आहे: मला कुणी विचारलं नाही. या दुखण्याला मराठीत वेगळं नाव नाही, म्हणून जो शब्द हाताला लागला तो लोकांनी फेकला.

आणि ‘वशिल्याचं तट्टू’? ‘वशिला’ अरबीतून आला. मूळ ‘वसीला’ म्हणजे साधन, मध्यस्थ, ज्याच्या द्वारे वर पोचता येतं तो. वशिल्याला तिसरा माणूस लागतोच. देणारा एक, घेणारा दुसरा आणि मधे शब्द टाकणारा तिसरा. तुला मामांनी थेट बोलावलं, मधे कुणी नव्हतं, म्हणून तू तट्टू नाहीस. मात्र मी होते. माझ्या वडिलांचे एक स्नेही त्या दैनिकात वरच्या जागेवर होते, त्यांनी एक फोन केला. माझी रीतसर परीक्षा झाली, पेपर बरा गेला. आठवड्यानं एका सहकाऱ्यानं चहा पिता पिता सांगितलं, ‘तुमचा पेपर तपासलाच नाही कुणी.’ त्या वाक्यामुळं मी पुढची कितीतरी वर्षं सगळ्यांच्या आधी एक तास येत होते आणि सगळ्यांच्या नंतर जात होते. कुणी मागितलं नव्हतं. तू तसलं काही करू नकोस. आधी आलेली व्यक्ती सगळ्यांना दिसते, तिचं कारणही सगळे ओळखतात, आणि डोळे तेवढे जातात.

शिफारस हा वशिल्याचाच सावत्र भाऊ, पण घरंदाज. शिफारसपत्राखाली सही असते, त्यात माणसाला काय येतं ते लिहिलेलं असतं, आणि ते बाजूला ठेवता येतं. वशिला तोंडी असतो, माणूस कुणाचा एवढंच सांगतो, आणि तो बाजूला ठेवला की दिवाळीचा फराळ बंद होतो. मित्रांनी मित्रांना लावून घेतलं तर ती कंपूशाही. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेतल्या पलटणींना कंपू म्हणत, तो शब्द पुढे लेखक-कवींच्या टोळ्यांना लागला. तुझ्या पत्रात त्याचं काम नाही, पुढं जाऊ.

एक मात्र सांगायला हवं, कारण कोल्हापूर-सांगली-सातारच्या कितीतरी घरांच्या मागं ही गोष्ट आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत भरती व्हायची ती जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या हातून. जॉबर आपल्या गावची, आपल्या भावकीतली पोरं आणायचा. चुलत्यानं पुतण्याला आणला, पुतण्यानं मेहुण्याला, आणि घाट आणि कोकण गिरणगावात उतरलं. खोलीत गावचेच, खानावळीत गावचेच. परक्या शहरात ज्याला कुणी ओळखत नव्हतं त्याची हमी नातं देत होतं. हे मी सहजासहजी वाईट म्हणणार नाही. पण गैरहजर कामगाराच्या जागी रोज घेतल्या जाणाऱ्या बदली कामगाराची हजेरी त्याच जॉबरच्या हातात होती, आणि ती हातात असली की दस्तुरी, म्हणजे काम दिल्याबद्दलचे पैसे, मागता येत होती. पुढं १९३५ मध्ये गिरणीमालकांना बदली कामगारांच्या भरतीसाठी वेगळी पद्धत आणावी लागली. नात्यानं दिलेली हमी आणि नात्यानं घातलेला लगाम, दोन्ही एकाच दोरीची टोकं.

(आणखी एक, जाता जाता. सरकारी नोकरीत वडील वारल्यावर अनुकंपा तत्त्वावर लागलेल्या मुलाला किंवा लाड-पागे समितीच्या शिफारशीप्रमाणे वारसा हक्कानं लागलेल्या सफाई कामगाराच्या मुलीला लोक सर्रास ‘वशिल्यानं लागली’ म्हणतात. ते चूक आहे आणि निर्दयही. तिथं नियम सगळ्यांना माहीत आहे, आणि जागा कशाच्या बदल्यात मिळाली तेही.)

आता तुझा दुसरा प्रश्न, म्हणजे माझ्या मते खरा प्रश्न. मावशी आईशी बोलली, आई तुझ्याशी बोलतेय. देणारी तू, घेणारा मावसभाऊ, मधे आई. हा वशिला. शुद्ध, व्याकरणात बसणारा, उदाहरण म्हणून कोशात छापावा असा. आणि तू हो म्हणालीस तर नेपोटिझमही, कारण आता मामांच्या जागी तू आहेस. मामांनी ‘तुझं खातं, तू बघ’ म्हणून फार हुशारीनं लाल टोपी तुझ्या हातात ठेवली आहे. मावसभाऊ त्यांचाही भाचाच की. मावशीला नाही म्हणायचा वाईटपणा त्यांना नको असेल. भावांना तो नकोच असतो.

माझं उत्तर नाही असं आहे, आणि कारण नात्याचं कमी, स्टोअरचं जास्त आहे. तू सीएंकडे काम केलंस, तुला हे माझ्यापेक्षा चांगलं कळायला हवं. परचेस ऑर्डर तू काढणार. पिग आयर्नचा, स्क्रॅपचा, वाळूचा ट्रक आला की वजन बघून माल जमा झाल्याची नोंद स्टोअरचा क्लार्क करणार. ऑर्डर, जमानोंद आणि पुरवठादाराचं बिल, हे तीन कागद एकमेकांशी जुळले की पैसे सुटणार. या तीन कागदांची सगळी किंमत ते लिहिणारे हात वेगळे असण्यात आहे. मागवणारी बहीण आणि मोजून घेणारा भाऊ असेल तर दोघं धुतल्या तांदळासारखे असले तरी ऑडिटर भुवई उंचावणार, आणि त्यानं उंचवायलाच हवी. ‘तळं राखील तो पाणी चाखील’ ही म्हण राखणाऱ्याची बदनामी करायला वापरतात, पण मला ती बांधकामाची सूचना वाटते: तळ्यावर एकाच घरचे दोन राखणदार ठेवू नयेत. उद्या एका ट्रकमागं दोनशे किलोंचा फरक निघाला, काटा खराब होता एवढंच कारण निघालं, तरी कँटीनमध्ये कुणी काट्याचं नाव घेणार नाही.

आईला हेच सांग, आणि असंच सांग. ‘तत्त्वात बसत नाही’ म्हणू नकोस. आईसमोर तत्त्व टिकत नाही. ‘त्याच्यावर नसता आळ येईल आणि मावशीचं नि तुझं बोलणं बंद होईल’ म्हण, हे तिला लगेच कळेल. मुलाखतीला तू बसू नकोस. मामांना लेखी कळव, व्हॉट्सॲपवर दोन ओळी पुरेत: अर्जदार माझा मावसभाऊ आहे, म्हणून मी बाजूला होते, वर्क्स मॅनेजर आणि अकाउंट्सच्या साहेबांनी निवड करावी, आणि त्याचा अर्ज स्टोअरसाठी धरू नये. मुलगा चुणचुणीत असेल तर लॅबमध्ये, डिस्पॅचमध्ये, जिथं तुझी सही चालत नाही तिथं त्यानं सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहावं. ‘आपला तो बाब्या’ म्हणून त्याला घेऊ नये, तसं आपला आहे म्हणून दारही लावू नये. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ व्हायचं तुला काही कारण नाही.

राहिले ते काका. त्यांची माफी मागू नकोस, ती तुझी देणी नाहीत. पण मामांकडे एकदा बसून विचार, त्यांना का डावललं. मामांकडे उत्तर असेलही: नवी संगणक प्रणाली, जीएसटीचे कागद, पुरवठादारांशी इंग्रजीतला पत्रव्यवहार, काहीही. असेल तर ते त्यांनी काकांना स्वतः, समोर बसवून सांगावं, आणि पगारात किंवा हुद्द्यात काहीतरी त्यांच्या पदरात टाकावं. उत्तर नसेल तर मामा जरा गप्प होतील. ती शांतता नीट ऐकून ठेव. घराणेशाही म्हणणाऱ्यांना नेमकं काय म्हणायचं होतं ते तिथं कळेल. स्वतःसाठी एवढं माग की सहा महिन्यांनी तुझं काम मामांखेरीज दुसऱ्या कुणीतरी तपासावं. माझा पेपर कुणी तपासला नाही, तुझा तपासला जाऊ दे.

आणि स्टोअरच्या जागेची सूचना अजून घरच्या ग्रुपवरच फिरत असेल, तर तिची एक प्रत उद्या सकाळी कंपनीच्या फाटकावर लाव.

तुझी,
मावशी